सकाळी सेल्फ उचलत नाही: बॅटरी गेली की दुसरंच काही, हे घरी कसं ओळखायचं

सोसायटीत, नात्यात, ऑफिसात कुणाची गाडी अडली की मीटर घेऊन मी जातो. बरीच वर्षं हे चाललं आहे. त्यात एक गोष्ट वारंवार दिसली: बॅटरी रिकामी झालेली असते, आणि माणूस ती मेली असं समजून नवी घेऊन येतो. रिकामी बॅटरी चार्ज करून पुन्हा कामाला लागते, मेलेली लागत नाही. हा फरक ओळखायला घरातली एक-दोन दिवसांची सवड आणि तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो.

आधी लक्षणं

सगळ्यात पहिलं लक्षण म्हणजे सेल्फ जड फिरणं. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी 'घुर्र... घुर्र' करत सुरू होते आणि दुपारी मात्र पटकन उठते. लोक हे आठवडेच्या आठवडे अंगावर काढतात. खरं तर तपासायची वेळ हीच असते.

पुढची पायरी म्हणजे भराभर 'टकटकटक' आवाज आणि त्याबरोबर मिचमिचणारे डॅशबोर्डचे दिवे. सोलेनॉइडला (सेल्फला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचला) ओढून घेण्यापुरता करंट मिळतो, सेल्फ फिरायला लागला की व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतं आणि पुन्हा ओढतं. इथे बॅटरी तरी रिकामी आहे किंवा टर्मिनल (बॅटरीच्या खांबावरचा वायरीचा जोड) तरी सैल आहे.

एकच मोठा 'टक्' झाला, दिवे लख्ख राहिले आणि पुढे काही नाही, तर संशय सेल्फ मोटरवर, तिच्या कार्बनवर (करंट आत नेणाऱ्या, झिजणाऱ्या ब्रशवर) किंवा सोलेनॉइडवर घ्या. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरी सोडून द्या; पेट्रोल, स्पार्क किंवा चावीतल्या इमोबिलायझरकडे (चोरी रोखणाऱ्या चिपकडे) बघा.

त्रास कधी होतो याकडेही लक्ष ठेवा. रोज चालवली तर ठीक आणि दोन-तीन दिवस उभी राहिली की अडते, तर बॅटरी थकली आहे किंवा गाडी बंद असताना काहीतरी करंट पीत आहे. नागपूरहून वर्धा रोडने लांब बुटीबोरीला जाऊन आलं की छान, पण शहरातल्या शहरात धरमपेठ ते बर्डी (सीताबर्डी) एवढंच रोज फिरलं की मंद, तर बॅटरी पुरती भरतच नाही.

नागपुरात हे डिसेंबरात का वाढतं

"काका, काल संध्याकाळपर्यंत चांगली होती, आज सुरूच होऊन नाही राहिली." थंडीच्या पहिल्या कडाक्यात हे वाक्य दर वर्षी ऐकू येतं, आणि दोष थंडीला दिला जातो. नुकसान मात्र मे महिन्यात झालेलं असतं.

गाडीच्या लेड-ॲसिड (शिसं आणि ॲसिडच्या) बॅटरीत पॉझिटिव्ह पट्टीची जाळी हळूहळू गंजत असते आणि इलेक्ट्रोलाइटमधलं (आतल्या ॲसिड-पाण्याच्या मिश्रणातलं) पाणी कमी होत असतं. उष्णतेने दोन्ही वेग वाढतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशी रासायनिक झीज साधारण दुप्पट वेगाने होते, असा ढोबळ नियम आहे. नागपुरात २०१३ च्या मेमध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त असतो. पण गरम बॅटरी करंट सहज देते आणि गरम इंजिन ऑइल पातळ असतं, म्हणून ही झीज उन्हाळाभर दिसत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये इथेच पारा ३.५ अंशांवर उतरला होता. तशा पहाटे ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त जोर लागतो, आणि नेमकं त्याच वेळी बॅटरी कमी जोर देते.

म्हणून माझा सल्ला आहे की खालची तपासणी दिवाळीच्या आसपास, गाडी ठीक चालत असतानाच एकदा करून घ्यावी.

हात लावण्याआधी

चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो ठिणगीने पेटतो. जवळ सिगारेट नको. गाडीची पूजा झाल्यावर बॉनेटवर ठेवलेली उदबत्तीसुद्धा नको. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा, कारण पॉझिटिव्ह आणि बॉडीच्या मध्ये धातू आला की तो क्षणात लालबुंद होतो. डोळ्यांवर चष्मा असू द्या. ॲसिड कातडीला लागलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं सतत पाण्याने धुऊन थेट डॉक्टर गाठा.

बॅटरी फुगलेली असेल, डबा तडकला असेल, किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर बॉनेट उघडं ठेवून दूर व्हा. पुढची एकही तपासणी तुम्ही करायची नाही. चार्जर लावू नका, जम्पर (दुसऱ्या बॅटरीवरून करंट आणायच्या वायरी) लावू नका, बॅटरीवाल्याला जागेवर बोलवा.

बिनखर्चाचं: वय आणि हेडलाइट

वॉरंटी कार्डावरची तारीख बघा. कार्ड हरवलं असेल तर डब्यावर किंवा टर्मिनलवर ठोकलेला कोड असतो. दुकानदार तो वाचून देतो. नागपूरच्या उन्हात, उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत तीन ते चार वर्षं ही बॅटरीची चांगली कारकीर्द मी समजतो. बॅटरी वर्षभराचीच असेल तर तिला दोष देण्याआधी बाकी सगळं तपासायला हवं, आणि तिची वॉरंटीही शिल्लक असणार.

मग संध्याकाळी भिंतीसमोर गाडी उभी करून, इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावा. घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही भिंतीवरचा उजेड बघा. थोडा कमी होणं साहजिक आहे. विझल्यासारखा झाला तर बॅटरी किंवा जोड कमजोर. उजेड तसाच राहिला आणि सेल्फ गप्प, तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही.

टर्मिनल

सगळ्यात जास्त गाड्या मी इथेच सुरू केल्या आहेत, म्हणून याला घाई करू नका.

टर्मिनल हाताने पिळून बघा. जरासुद्धा हललं तर तोच दोष असू शकतो. सेल्फ शंभर ॲम्पिअरहून जास्त करंट ओढतो. एवढ्या करंटला चिमूटभर गंजसुद्धा भिंत होऊन उभा राहतो. दिव्यांना थोडाच करंट लागतो, म्हणून दिवे लागतात, हॉर्न वाजतो, आणि सेल्फ मात्र फिरत नाही. मालक म्हणतो, "दिवे तर लागून राहिले, मग बॅटरी कशी नाही?" त्याचं म्हणणं बरोबर असतं: बॅटरी ठीक असते, जोड खराब असतो.

पांढरी-निळसर-हिरवट बुरशी दिसली तर ती साफ करा. दहा नंबरचा पाना घ्या. आधी निगेटिव्ह सोडा, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट, पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह शेवटी. हा क्रम यासाठी की निगेटिव्ह सुटलेलं असलं तर पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने लावा, फेस थांबेपर्यंत घासा, साध्या पाण्याने पुसून कोरडं करा. ज्या बॅटरीला पाणी टाकायची झाकणं असतात, तिथे सोडा आत जाऊ देऊ नका. मग खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू तारेच्या ब्रशने चकचकीत करा, घट्ट बसवा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. जेली जोड बसवल्यावर लावायची, आधी नाही.

निगेटिव्हची जाड वायर बॉडीला आणि इंजिनला जिथे बोल्टने बसवली असते, ते टोकही बघा. आपल्याकडे पावसाळ्यानंतर ही अर्थिंगची जागा गंजलेली बऱ्याचदा सापडते, आणि बॅटरीची टर्मिनलं चकचकीत असल्यामुळे तिकडे कुणी बघतच नाही.

पाणी आणि हिरवा डोळा

झाकणांची बॅटरी असेल तर सहाही कप्प्यांत पातळी बघा. पट्ट्या बुडलेल्या हव्यात. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. आरओचं नको, एसीतून ठिबकलेलं नको, बोअरचं तर अजिबात नको. रस्त्यावर कुणी 'ॲसिड टाकून देतो, ताजी होईल' म्हणालं तर नको म्हणा. उडून जातं ते पाणी. ॲसिड आतच राहतं. वरून आणखी ॲसिड टाकलं की दोन-चार दिवस जोर वाटतो आणि पट्ट्या लवकर खलास होतात. एकाच कप्प्यातलं पाणी सारखं कमी होत असेल तर तो कप्पा बिघडला आहे.

सीलबंद बॅटरीवरचा हिरवा डोळा एकाच कप्प्यातल्या ॲसिडची घनता दाखवतो. बाकीच्या पाचांचं त्याला काही माहीत नसतं. हिरवा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका.

मीटर: तीन आकडे

साधा डिजिटल मल्टिमीटर बर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतो. डीसी व्होल्टच्या २० च्या घरावर ठेवा, लाल टोक पॉझिटिव्हला, काळं निगेटिव्हला. एका आकड्यावरून निकाल देऊ नका, तिन्ही हवेत.

पहिला आकडा आरामाचा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी दार उघडण्याआधी शक्य असेल तर. नुकतीच चालवलेली असेल तर पट्ट्यांवर वरवरचा चार्ज असतो आणि मीटर खोटा चांगला आकडा दाखवतो. तेव्हा दोन मिनिटं हेडलाइट लावून, बंद करून, पाच मिनिटांनी मोजा. १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. रोजच १२.४ च्या खाली राहणाऱ्या बॅटरीच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कडक खडे बसतात आणि तिची साठवण कायमची कमी होते.

साडेदहाच्या आसपास आकडा अडकला असेल तर नीट ऐका. आत सहा कप्पे, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट. एक कप्पा शॉर्ट झाला की बरोबर तेवढे कमी होतात. चार्ज करूनही आकडा तिथेच परतला तर ती बॅटरी संपली.

दुसरा आकडा सेल्फ मारतानाचा. मदतनीसाला सेल्फ मारायला सांगा आणि सगळ्यात खाली गेलेला आकडा पकडा. दहाच्या वर राहिला तर छान. ९.६ च्या खाली गेला आणि आरामाचा आकडा १२.५ च्या वर होता, तर बॅटरी आतून थकली आहे: भरलेली दिसते, पण जोर देऊ शकत नाही. मात्र आरामाचा आकडाच १२.१ असेल तर या दुसऱ्या आकड्याला काही अर्थ नाही. आधी चार्ज करा.

तिसरा आकडा इंजिन चालू असतानाचा. गाडी सुरू करून रेस थोडी वाढवा, हेडलाइट आणि एसीचा ब्लोअर लावा. १३.८ ते १४.७ च्या मध्ये असेल तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) ठीक. साडेतेराच्या खाली रेंगाळला तर बेल्ट सैल आहे का बघा. नसेल तर अल्टरनेटरचे कार्बन किंवा रेग्युलेटर (त्याचं व्होल्टेज आवरणारा भाग). पंधराकडे गेला तर रेग्युलेटर गेला आहे आणि तो बॅटरीचं पाणी उकळून टाकतो आहे. अशा गाडीत नवी बॅटरीही टिकणार नाही. अलीकडच्या काही गाड्यांत, विशेषतः सिग्नलवर इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत, संगणक चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो. तिथे एकाच क्षणाचा कमी आकडा बघून अल्टरनेटर उतरवायला सांगू नका.

दोन जुन्या पद्धती मी अजूनही बघतो आणि बघून काळजात धस्स होतं. एक म्हणजे इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि गाडी बंद पडते का बघायचं. बॅटरी मध्ये नसली की अल्टरनेटरचं व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) जळू शकतो, ज्याची किंमत बॅटरीच्या कितीतरी पट असते. दुसरी म्हणजे दोन्ही खांबांवर पाना टेकवून ठिणगी बघायची. तिथे हायड्रोजन असतो, हे वर सांगितलंच आहे. मेकॅनिक यातलं काही करायला लागला तर त्याला तिथेच थांबवा. तुमची गाडी आहे.

चार्ज करून पुन्हा मोजा

हीच पायरी लोक गाळतात. जम्परने गाडी सुरू झाली, घरापासून ऑफिसपर्यंत चालवली, संध्याकाळी पुन्हा अडली, आणि 'बॅटरी गेली' असा निकाल लागला. पण पाच-सहा किलोमीटरच्या प्रवासात, एसी पूर्ण आणि सिग्नलवर आयडल, रिकामी बॅटरी भरतच नाही.

बाहेरचा चार्जर लावा. करंट साधारण बॅटरीच्या क्षमतेचा दहावा भाग: ३५ एएचच्या (ॲम्पिअर-तास, साठवणीचं माप) बॅटरीला साडेतीन ॲम्पिअर, म्हणजे एक रात्र. जागा हवेशीर हवी. चार्जर नसेल तर बॅटरीच्या दुकानात थोड्या पैशात चार्ज करून देतात. घरच्या इन्व्हर्टरला गाडीची बॅटरी जोडू नका. तो मोठ्या बॅटरीसाठी बनलेला असतो आणि लहान बॅटरीला झेपणार नाही एवढा करंट ढकलतो.

चार्ज झाल्यावर बॅटरी कशालाही न जोडता बारा तास ठेवा आणि मोजा. १२.६ च्या आसपास टिकली, तर बॅटरीत जीव आहे. दोष चार्जिंगमध्ये किंवा गळतीत शोधा. १२.३ किंवा खाली घसरली, तर ती आतूनच गळते आहे.

झाकणांची बॅटरी असेल तर याच वेळी हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजायची काचेची नळी) लावा. भरलेल्या कप्प्यात घनता १.२६ च्या आसपास येते. आकडा केवढा आहे यापेक्षा सहा कप्प्यांत फरक किती आहे ते महत्त्वाचं: एखादा कप्पा बाकीच्यांपेक्षा ०.०५ ने मागे असेल तर बॅटरी बदलायची. मे महिन्याच्या दुपारी मोजत असाल तर गरम ॲसिड पातळ असल्याने आकडा थोडा कमी येतो, सकाळी मोजा.

गाडी झोपल्यावर कोण जागं आहे

तिन्ही आकडे ठीक आणि तरी सोमवारी गाडी अडते, तर गळती मोजावी लागते. हे वरच्या सगळ्याहून किचकट आहे. मीटरचं लाल टोक १० ॲम्पिअरच्या घरात बदला, निगेटिव्ह टर्मिनल सोडा आणि मीटर वायर आणि खांबाच्या मध्ये जोडा. दारं बंद, चावी घरात. अर्धा-पाऊण तास थांबा, कारण गाडीतले संगणक हळूहळू झोपतात. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, इग्निशन चालू करू नका. मीटरचा फ्यूज उडेल, नाहीतर मीटरच जळेल.

०.०५ ॲम्पिअरपर्यंत ठीक. ०.२० दिसलं तर हिशेब करा: दिवसाला जवळजवळ ५ एएच, आठवड्यात ३५ एएचची बॅटरी कोरडी. मेच्या सुट्टीत चिखलदऱ्याला किंवा मुलांकडे पुण्याला गेलेल्यांची गाडी परतल्यावर का उठत नाही, ते या गुणाकारात आहे. एकेक फ्यूज काढत जा. ज्याला काढल्यावर आकडा पडला, त्या वायरीवर चोर आहे. मला बहुतेक वेळा बाहेरून बसवलेली वस्तूच सापडली आहे: डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, मोठा म्युझिक सिस्टम, नाहीतर डिकीतला न विझणारा दिवा.

इथे थांबा

गळती आहे पण फ्यूजने सापडत नाही. चार्जिंग साडेतेराच्या खाली किंवा पंधराच्या आसपास आहे. एकच 'टक्' येतो. वायर गरम होते किंवा जळका वास येतो: ही सगळी कामं ऑटो इलेक्ट्रिशियनची आहेत, वायरिंग कापून प्रयोग करू नका. निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर असलेल्या, सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीत बॅटरीचा प्रकार वेगळा असतो आणि बदलल्यावर कधीकधी संगणकात नोंद करावी लागते. ते सर्व्हिस सेंटरवर करा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या केशरी वायरींना कुठल्याही कारणाने हात लावायचा नाही.

बॅटरी बदलायचं ठरलं, तर जुनी भंगारवाल्याला देऊ नका. आत शिसं आणि ॲसिड असतं, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ते अधिकृत मार्गानेच परत जायला हवं. दुकानदार जुनी घेऊन बिलातून पैसे कमी करतो, ते बिलावर लिहून घ्या. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का तिथेच मागा. आणि नवी बसली की पैसे देण्याआधी गाडी सुरू करून तिसरा आकडा तुमच्या डोळ्यांसमोर मोजायला सांगा. तो १३.८ आणि १४.७ च्या मध्ये नसेल तर नवी बॅटरी घरी नेण्याआधी अल्टरनेटर दुरुस्त करून घ्या.